पारोची शिळा आणि ‘अजिंठा’

औरंगपुऱ्यांतील एका दुकानांतून आम्हीं कवि ना. धों. महानोर यांचें ‘अजिंठा’ हें दीर्घकाव्य पुन्हां एकवार विकत आणिलें. जुनी प्रत कोणी वाचावयास नेली ती परत आली नाहीं. काव्य लोकांस आवडल्याची याहून चांगली खूण कोणती?

मद्रास सैन्यांतील अधिकारी व चित्रकार रॉबर्ट गिल १८४४ च्या सुमारास लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृति करण्यासाठीं अजिंठ्यास आला आणि या भागांतच रमला. त्याची व पारो या स्थानिक स्त्रीची प्रीति ही या काव्याची वस्तु. २०१२ सालीं त्यावरून चित्रपटही निघाला. पळसखेडचे महानोर अजिंठ्याच्या शेजारचेच. पारोला त्यांनीं आपल्या मातीची वाणी दिली, हा या काव्याचा मोठा गुण होय.

परंतु काव्य मिटल्यावर पुष्कळ वाचक त्यालाच इतिहास समजून बोलूं लागतात, हें आम्हांस पसंत नाहीं. अजिंठा गांवांतील पारोच्या कबरीवरची शिळा हाच येथें मुख्य आधार. तीवर तिचें नांव, १८५६ तील मृत्यूचा दिवस आणि ती प्रिय होती एवढेंच कोरलें आहे. ते शब्दही गिलचे आहेत, पारोचे नव्हेत.

गिल आला तो मुलूखही ध्यानांत घ्यावा. १८०३ सालीं जवळच असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव झाला, आणि इंग्रजांच्या जखमी सैनिकांसाठीं अजिंठ्यासच रुग्णालय उघडलें गेलें. त्या वेळचीं मुलें गिल आला तेव्हां गांवचीं वडीलधारीं मंडळी झालीं होतीं. जेत्यांच्या सैन्यांतला अधिकारी आणि खेड्यांतली स्त्री यांचा स्नेह खरा असेल. पण तो बरोबरीचा होता असें सहज गृहीत धरतां येत नाहीं.

काळानें गिललाही सोडलें नाहीं. वर्षानुवर्षें खपून केलेल्या त्याच्या बहुतेक प्रतिकृति १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगींत जळाल्या. १८७९ सालीं तो वारला व भुसावळ येथें मातीआड झाला. ज्या कामासाठीं आला त्याची राख झाली. ध्यानींमनीं नसतां जडलेल्या स्नेहाची शिळा मात्र राहिली.

‘अजिंठा’ अवश्य वाचावें, घरांतील मंडळींस वाचून दाखवावें. मग एकदां त्या शिळेपाशीं क्षणभर उभें राहावें. काव्यांत बोलते ती कवीची पारो. खरी पारो अबोलच गेली, हें तेथें कळतें. काव्याची किंमत त्यानें उणावत नाहीं; पारोची मात्र वाढते.