कृत्रिम बुद्धिमत्ता आणि वास्तुचित्रण : एक चिकित्सा

वास्तुरचनेत आजवर आराखडा आधी व चित्र नंतर, असा क्रम होता. संगणकीय रेंडरिंगनेही तो मोडला नव्हता. त्यासाठी मोजमापांसह त्रिमितीय प्रतिकृती आधी उभी करावी लागे. २०२२ मध्ये मिडजर्नीसारखी साधने सर्वांसाठी खुली झाली आणि केवळ शब्दवर्णनावरून इमारतीचे चित्र मिळू लागले. या क्रमबदलाचा परामर्श घेणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

या संदर्भात चार्ल्स कोरिया यांची मुंबईतील ‘कांचनजंगा’ (१९८३) ही इमारत उद्बोधक ठरते. तेथे पश्चिमेकडून समुद्राचा वारा येतो. परंतु तळपते ऊन आणि मोसमी पाऊसही तिकडूनच येतो. या पेचातून दुमजली उंचीच्या, कोपऱ्यांत खोल घेतलेल्या उद्यान-गच्च्या जन्मल्या. कृत्रिम बुद्धिमत्ता असंख्य चित्रांच्या संस्कारातून अशा गच्चीचे मोहक रूप निर्माण करू शकते. मात्र ऊन कोणत्या दिशेचे, भार कोणत्या खांबावर, हे प्रश्न त्या चित्रामागे असतीलच असे नाही.

हे साधन त्याज्य आहे, असे नव्हे. प्रारंभिक पर्याय सुचविण्यास ते उपयुक्तच आहे. तथापि, विद्यार्थ्याच्या चित्राला गुण देण्यापूर्वी आपण अध्यापकांनी त्याच्याकडे त्या इमारतीचा आराखडा व उभा छेद मागावयास हवा.