मराठी वाङ्मयातला वेडा कुणाचे अन्न खातो?

मराठी वाङ्मयात वेड्यांची वाण नाही. म्हाइंभटांच्या ‘श्रीगोविंदप्रभुचरित्रा’पासून आजच्या कादंबरीपर्यंत वेडा आपल्याला सतत भेटत आला आहे. तो काय बोलतो, त्याच्या बोलण्यात शहाण्यांना न दिसणारे सत्य कसे असते, यावर आमच्या समीक्षेने पुष्कळ शाई खर्च केली. प्रस्तुत लेखकाचाही त्या खर्चात थोडा वाटा आहे. मात्र एक साधा, काहीसा ओबडधोबड प्रश्न आम्ही विचारला नाही : हा वेडा दोन वेळा जेवतो तो कुणाच्या ताटात? आणि ते अन्न त्याच्या घशाखाली सुखाने उतरते का?

गोविंदप्रभूंच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. तेराव्या शतकातल्या रिद्धपुरात हा अवलिया कुणाच्याही घरात शिरतो, बाजारातला खाऊ उचलतो, आणि गाव ते सोसते. नव्हे, त्यात कृपा मानते. वेडाला देवत्वाचे वलय लाभले की अन्नाला लाज चिकटत नाही. विद्येचेही तसेच. वार लावून जेवल्याच्या, माधुकरी मागितल्याच्या आठवणी आमच्या आत्मचरित्रांतून किती अभिमानाने येतात! धर्मानंद कोसंबींच्या ‘निवेदना’त काशीच्या अन्नछत्रातले जेवण आहे, आणि ते वाचताना आपली मान खाली जात नाही, कारण पुढे काय घडले हे आपल्याला ठाऊक असते. दुसऱ्याच्या अन्नाचा शेवट पदवीत, ग्रंथात किंवा मोक्षात होणार असेल तर मराठी मन ते अन्न पवित्र मानते. ज्याचा आजार हटणार नाही, जो पुढे कुणीही होणार नाही, त्याच्या भाकरीला मात्र आमच्याकडे चांगला शब्द नाही.

आता आधुनिक काळाकडे येऊ. जयवंत दळवींनी ‘अंधाराच्या पारंब्या’ या कादंबरीवरून केलेले ‘बॅरिस्टर’ हे नाटक १९७७ साली रंगभूमीवर आले. घराण्यात उतरत आलेल्या वेडाची भीती इतक्या ताकदीने मराठी रंगभूमीवर क्वचितच उभी राहिली असेल. पण ते वेड वाड्यातले आहे. बॅरिस्टरांना नोकरी गेल्याची चिंता नाही, रेशनच्या रांगेची नाही. दळवींना विचारायचे होते ते निराळेच, हे मान्य. तरी वाड्याच्या भिंतींनी त्या वेडाला जी भव्यता दिली तिचा मोठा भाग इस्टेटीतून आला आहे, हे टीकाकाराने नोंदवायला हवे होते.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे दोन चित्रपट या बाबतीत बरेच पुढे गेले. ‘देवराई’ने (२००४) स्किझोफ्रेनियाला राक्षस न करता आजार केले, आणि भाऊ सांभाळणाऱ्या बहिणीची दमणूक दाखवली. सुवर्णकमळ मिळवणाऱ्या ‘कासव’मध्ये नैराश्याने ग्रासलेल्या तरुणाला एक अनोळखी बाई घरात ठेवून घेते आणि काहीही न विचारता खाऊ-पिऊ घालते. दोन्ही मला मनापासून आवडले. तरीही पाहताना जाणवत राहिले, की इथली माया सुस्थितीतली आहे. घराला जागा आहे, दाराशी गाडी आहे. देणारा काही विचारत नाही, म्हणून घेणाऱ्याला सहीही करावी लागत नाही. सही करून घ्यावी लागणारी मदत आमच्या कलाकृतींच्या उंबऱ्याबाहेरच उभी आहे.

ती कशी असते हे आमच्या भागात रोज दिसते. काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्या कार्यालयात आल्या. मुलगा आमच्याच शाळेतून शिकून गेलेला, वर्गात हुशार. पुढे आजारी पडला; धारवाडची औषधे चालू होती. (आमच्याकडे ‘धारवाडला न्या’ एवढे म्हटले की पुढचे बोलावे लागत नाही.) बाई विड्या वळून घर चालवीत. सरकारी मासाशनाच्या अर्जासाठी त्यांना मुलाच्या जन्मतारखेचा दाखला हवा होता. दाखला हातात घेतल्यावर हळूच म्हणाल्या, ‘‘सर, पाय अधू हाय असं लिवलं तर चालंल काय?’’

मी त्यांना व्याख्यान दिले. मनाचा आजार मधुमेहासारखाच असतो, १९९५च्या अपंग कायद्यात त्याचा समावेश झाला, २०१६च्या कायद्यातही तो आहे, चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र मिळाले की सवलतींचा हक्क पोहोचतो, यात लाजण्यासारखे काय? त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि गेल्या. अर्ज काही केला नाही. घरात लग्नाची मुलगी होती, हे मला मागाहून कळले. पाय अधू असलेल्या भावाची बहीण खपते, पण सरकारी शिक्का बसलेल्या खुळ्याची नाही. एवढा हिशेब त्या बाईंना येत होता. मला, एम. ए. मराठी असून, आला नाही.

लाज दुहेरी असते हेही तेव्हा उमगले. आजार लपवावा तर मदत नाही. उघड करावा तर गल्ली म्हणते, ‘हातपाय धडधाकट हायत की, मग बसून खायला पैसे कशाला?’ एकीकडे पुरेसे वेडे ठरायचे, दुसरीकडे शहाणे असूनही ऐतखाऊ ठरायचे. मासाशन मनीऑर्डरने येई तेव्हा पोस्टमन गल्लीत नावाचा पुकारा करी. आता रक्कम खात्यावर पडते. पुकारा गेला आणि बँकेची रांग आली.

भाषेच्या अभ्यासकाने थांबावे असे शब्द या व्यवहारात सापडतात. कागलच्या नाक्यापलीकडे महाराष्ट्रात १९८०पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. निराधार! ज्या आईने वीस वर्षे आधार दिला तिने मुलाला शेजारी उभे करून तो निराधार असल्याचे लिहून द्यायचे. अपंगाचा ‘दिव्यांग’ झाला तेव्हा पुष्कळांना बरे वाटले. मला त्यात रिद्धपूरचे ते वलयच पुन्हा दिसले. माणूस म्हणून द्यायला मन धजत नाही, मग दिव्य करून द्यायचे. उलट कर्नाटकातला कागद पाहा. कन्नडात मनोरुग्णाला ‘मानसिक अस्वस्थ’ म्हणतात. शब्द संस्कृतच, पण मराठी कानाला त्यात वेड ऐकूच येत नाही. चैन पडत नाही, जीव थाऱ्यावर नाही, एवढेच ऐकू येते. ज्या कानडी कागदाविषयी आमची एरवी तक्रार असते (आणि ती रास्त आहे), त्याच्यावर हा एक शब्द नकळत हळुवार उतरला आहे. सर्वांत चांगला शब्द मात्र सरकारचाही नाही, पंडितांचाही नाही. दोन्ही बाजूंचे लोक या पैशाला ‘पगार’ म्हणतात. ‘औंदा पगार सुटला काय?’ यात काहींना अडाणीपणा दिसतो. मला त्यात स्वाभिमान दिसतो.

हे लिहिणे आमच्या भागाला जमण्यासारखे आहे, म्हणून तर तक्रार. जी. ए. कुलकर्णी या मातीत जन्मले आणि धारवाडात राहिले. मोडक्या माणसांकडे त्यांच्याइतके टक लावून मराठीत कुणी पाहिले नसेल. पण त्यांच्या कथेत मोडणारी ती नियती, आणि नियतीकडे अर्ज करता येत नाही. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवीत लिहीत राहिले. कुणाच्या डब्यात किती धान्य येते हे गिरणीवाल्याला ठाऊक असते, म्हणून त्यांच्या लेखनात भूक मापाने येते, अलंकार होऊन येत नाही. एकाची नजर आणि दुसऱ्याचे माप एकत्र आणील अशा लेखकाची मी वाट पाहतो आहे.

त्याच्यासाठी एक प्रसंग इथे ठेवतो, एका वडिलांकडून ऐकलेला. जिल्ह्याच्या ठिकाणी प्रमाणपत्रासाठी मंडळापुढे जायचा दिवस. पहाटेची एस. टी. मुलाची दाढी करायची की नाही, यावर नवरा-बायकोचा वाद चालला आहे. दाढी करून इस्त्रीचा सदरा घातला तर डॉक्टर म्हणतील, बराच दिसतो, आणि टक्के घटतील. तसाच नेला तर स्टँडवर सगळे गाव पाहील. मुलगा पलंगावर बसून दोघांचे बोलणे ऐकतो आहे. त्याला सगळे कळते. तो उठतो, आणि आपण होऊन खुंटीवरचा सदरा काढतो.