चित्र फाटलं नाही, म्हणून ते खरं का?

बिटमॅप आणि व्हेक्टर यांतला फरक विचारला की बहुतेक नोट्समध्ये ठरलेलं उत्तर सापडतं: बिटमॅप मोठा केला की फाटतो, व्हेक्टर फाटत नाही, म्हणून व्हेक्टर चांगला. लोगो किंवा फ्लेक्स करणाऱ्याला एवढं पुरतं. पण प्रबंधात आकृती घालणाऱ्यासाठी हे उत्तर अपुरं आहे, कारण ते फक्त चित्र कसं दिसतं ते सांगतं. चित्रात माहिती कुठून आली, हा प्रश्न त्यात येतच नाही.

आधी तिथून सुरुवात करू. बिटमॅप म्हणजे पिक्सलची जाळी, आणि प्रत्येक पिक्सलमध्ये रंगाचे आकडे. मायक्रोस्कोपचा कॅमेरा किंवा स्कॅनर हे आकडे मोजून भरतो. व्हेक्टर फाईलमध्ये मात्र सूचना असतात: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेषा, इथे एवढ्या त्रिज्येचं वर्तुळ. म्हणजे मायक्रोस्कोपचा फोटो ही एक नोंद आहे, तर व्हेक्टर आकृती हे कुणीतरी, माणसाने किंवा प्रोग्रामने, केलेलं विधान आहे.

हा फरक का महत्त्वाचा, ते 2013 सालच्या एका प्रकरणातून कळतं. जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझल यांना झेरॉक्स वर्कसेंटरवर स्कॅन केलेल्या बांधकाम नकाशात चुकीचे आकडे दिसले. मूळ कागदावर तीन खोल्यांची क्षेत्रफळं 14.13, 21.11 आणि 17.42 चौरस मीटर होती, स्कॅनमध्ये तिन्ही ठिकाणी 14.13! कारण होतं जेबिग2 ही कॉम्प्रेशन पद्धत. ती पानावरचे सारखे दिसणारे तुकडे शोधते, एकच तुकडा साठवते आणि बाकीच्या जागी तोच चिकटवते. फाईल बिटमॅपच होती, पण मोजलेल्या पिक्सलच्या जागी ‘हा तुकडा त्या तुकड्यासारखाच’ असं विधान येऊन बसलं. आणि अक्षरं कुठेही फाटली नव्हती. नोट्सच्या कसोटीवर हे चित्र पहिल्या वर्गात पास झालं असतं!

आता आपल्या कामाकडे येऊ. आर किंवा मॅटप्लॉटलिबमध्ये काढलेला आलेख मुळातच सूचनांचा बनलेला असतो, म्हणून तो पीडीएफ किंवा एसव्हीजीमध्येच ठेवा. त्याचा जेपेग केला तर 8 बाय 8 पिक्सलच्या चौकटींत दाबताना अक्षरांभोवती धुरकट डाग येतात. याबाबतीत नोट्स बरोबरच आहेत.

पेशींच्या फोटोचं मात्र उलट आहे. ‘ऑटो ट्रेस’ करून तो गुळगुळीत केला, तर पेशीची कडा कुठे आहे हे प्रोग्राम ठरवतो, तुमचा नमुना नाही. असा फोटो मूळ टिफमध्ये जपा. आणि हो, फोटो नुसता पीडीएफमध्ये टाकल्याने व्हेक्टर होत नाही. पाकीट बदलतं, आत पिक्सलच राहतात. 8 सेंटीमीटर रुंदीला 300 डीपीआय हवा असेल तर साधारण 945 पिक्सल लागतात. 400 पिक्सलचा फोटो ताणून 945 केला तर फाईल वाढेल, माहिती नाही.

मधली वाटही आहे. स्कॅटर प्लॉटमध्ये 2 लाख बिंदू असतील तर व्हेक्टर फाईल उघडतानाच लॅपटॉप धापा टाकतो. मॅटप्लॉटलिबमध्ये फक्त बिंदू रास्टर करून अक्ष आणि अक्षरं व्हेक्टर ठेवता येतात.

तेव्हा व्याख्या पाठ असू द्या, पण आकृती सेव्ह करण्याआधी एवढं विचारा: यातला तपशील मोजलेला आहे की काढलेला? मोजलेला असेल तर पिक्सलना हात लावू नका, काढलेला असेल तर सूचना जपा. परीक्षकाने आकृतीतल्या एखाद्या रेषेवर बोट ठेवलं, तर ती कुठून आली हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.