हे घालायचं कसं?

गेलं वर्षभर माझ्या फोनच्या वॉलपेपरवर एका राणीचा चेहरा आहे. हस्तिदंती, पिवळसर पांढरा, जड पापण्यांचा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमच्या वेबसाइटवर तो सापडला आणि मी लगेच सेव्ह केला. परवा आईने फोन हातात घेतला, चष्मा सारखा केला आणि विचारलं, "दागिना ना हा? मग घालायचा कसा?"

वर्षभर रोज बघूनही हा प्रश्न मला पडला नव्हता.

ही राणी म्हणजे इदिया, बेनिनच्या राजाची, ओबा एसिगी यांची आई. हे बेनिन म्हणजे आज त्या नावाचा देश आहे तो नव्हे, तर दक्षिण नायजेरियातलं जुनं राज्य. सोळाव्या शतकातलं हे पदक सुमारे २४ सेंटिमीटर उंच आहे. कपाळावरच्या दोन उभ्या खाचांत लोखंड बसवलंय. डोक्यावर दाढीवाले पोर्तुगीज आणि चिखलातले मासे आळीपाळीने कोरलेत. हा मासा पाण्यातला आणि जमिनीवरचाही, म्हणून तो राजाच्या दुहेरी सामर्थ्याची खूण. पोर्तुगीज समुद्रातून आलेले, आणि समुद्र ओलोकुन देवाचा. हस्तिदंताचा पांढरा रंगही त्याचाच. म्हणजे इथे सामानसुद्धा अर्थासाठी निवडलेलं आहे.

आणि हो, हा दागिनाच आहे. मागची बाजू पोकळ, अडकवायला नाजूक कड्या. आईच्या स्मरणाच्या विधीत ओबा तो अंगावर घालत, असं मानलं जातं. हल्लीच्या विधींत अशी पदकं ओबांच्या कमरेला असतात.

माझी तक्रार आहे ती तो आपल्याला दाखवला जातो त्या पद्धतीबद्दल. मुख्य फोटोत चेहरा सरळ समोर, उभा, एकटा. अंग नाही, दोरी नाही, आजूबाजूची पोवळी नाहीत. चालताना हलणारी वस्तू भिंतीवरचं चित्र होऊन बसते, आणि मग माझ्यासारखा माणूस तिला वॉलपेपर करतो.

मी दिवसभर डेटाबेसमध्ये काम करतो, त्यामुळे त्या पानावरची नोंद मी कामाच्या सवयीने वाचली. नोंद क्रमांक १९७८.४१२.३२३. श्रेय: नेल्सन रॉकफेलर यांची भेट, १९७२. मालकांच्या यादीत राल्फ मूर, मग सेलिगमन दांपत्य, मग न्यूयॉर्कचंच एक म्युझियम. काही लपवलेलं नाही, हे म्युझियमच्या बाजूने सांगायलाच हवं. पण 'भेट' हा शब्द साखळीच्या शेवटच्या कडीपुरता खरा आहे. पहिली कडी १८९७ची. त्या जानेवारीत एका ब्रिटिश तुकडीवर हल्ला झाला, आणि त्याचा सूड म्हणून फेब्रुवारीत ब्रिटिश फौजेने बेनिन शहर घेतलं. शहर जळालं, राजवाडा लुटला गेला, ओबा ओवोनराम्वेन यांना कालाबारला हद्दपार केलं. हे पदक त्यांच्या शयनगृहातून निघालं. ज्याचा दागिना होता त्याच्यासाठी श्रेयाच्या ओळीत रकानाच नाही.

याचं जुळं भावंड लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, १९१०पासून. १९७७मध्ये लागोसला फेस्टॅक हा आफ्रिकी कलांचा मोठा महोत्सव झाला. त्याचं बोधचिन्ह लंडनचं पदकच होतं. नायजेरियाने ते महोत्सवापुरतं मागितलं, पण वस्तू फार नाजूक आहे म्हणून नकार मिळाला. महोत्सवात पोस्टरवर, झेंड्यांवर सगळीकडे इदिया होती, फक्त ती स्वतः नव्हती.

हस्तिदंत हवामान बदललं की तडकतं, हे खरंच आहे. जपणूक खोटी नाही. पण शिकार झालेल्या हत्तीचा एक सुळा ओबांचा, हा जिथला नियम होता आणि इग्बेसान्म्वान या कारागीर संघाने पिढ्यान्पिढ्या जिथे कोरीवकाम केलं, त्यांनाही ही वस्तू जपता येत होती. लूट होईपर्यंत तीनेकशे वर्षं त्यांनीच ती जपली होती.

पदक परत जावं, असं मला वाटतं. ते होईपर्यंत निदान एवढं व्हावं: त्या पानावर पहिला फोटो मागच्या पोकळ बाजूचा लावा, आणि शेजारी बेनिनमधल्या आजच्या विधीचा, पदक कमरेला लावलेल्या ओबांचा.

आईला मी सांगितलं, "कमरेला." तिने फोन पुन्हा निरखला आणि म्हणाली, "मग ते आता काय घालतात?"