चित्रातला घोडा आणि संगणकातला सिंह

मित्रहो, विषय ऐकून काहींना वाटलं असेल, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवून आता आम्ही कार्टूनवर बोलणार! हो, बोलणार आहोत. कारण जुन्या ॲनिमेशनपटांचे जे 'लाइव्ह-ॲक्शन' रिमेक येतायत, त्यांत आपल्याकडचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. समोरचं सगळं रचलेलं आहे हे ठाऊक असताना आपल्याला रडू का येतं?

नवव्या शतकातला काश्मीरचा श्रीशंकुक. त्याचा ग्रंथ हरवला. अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त त्याचं मत खोडण्यासाठी मांडलं, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं. शंकुक म्हणतो, चित्रातला घोडा बघताना 'हा खरा' असं वाटत नाही, 'हा खोटा' असंही नाही. संशय नसतो, आणि 'घोड्यासारखं काहीतरी' अशी तुलनाही नसते. आपण सरळ म्हणतो, 'घोडा!' रंगमंचावर राम झालेल्या नटाचंही तसंच. हाच चित्रतुरगन्याय.

आता 1994 चा 'द लायन किंग' घ्या. मुफासा मरतो तेव्हा सिंबाच्या भुवया, डोळे, कान, सगळं रडतं. सिंहाला अशा भुवया असतात का? नसतात. पण एकही मूल तशी तक्रार करत नाही. 2019 च्या रिमेकमध्ये आयाळीचा केस न् केस खरा वाटतो, चेहरा मात्र जवळपास गप्प. खऱ्या सिंहाचा चेहरा माणसासारखा हलत नाही, म्हणून यानेही हलायचं नाही! मग बाप गेल्याचं सगळं दुःख आवाजावर येऊन पडतं, आणि त्या गप्प चेहऱ्यातून माणसाचे शब्द आले की आपण दचकतो. शंकुकाने दाराबाहेर ठेवलेला 'खरा की खोटा' हा संशय रिमेकने घरात आणून बसवला.

गंमत बघा, इथे 'लाइव्ह-ॲक्शन' हे नावही खरं नाही. अख्ख्या चित्रपटात खऱ्या कॅमेऱ्याने टिपलेलं दृश्य एकच, सुरुवातीचा सूर्योदय. बाकी संगणकाची करणी. म्हणजे हाही चित्रातलाच घोडा, पण आपण चित्र आहोत हे कबूल करायला लाजणारा.

मग रिमेक सगळेच टाकाऊ का? नाही. याच जॉन फॅवरोचा 2016 चा 'द जंगल बुक' बघा. किपलिंगने 1894 मध्ये मोगलीला सोडलं ते सिवनीच्या डोंगरांत, नागपूरच्या वर, पेंचच्या बाजूला. चित्रपटातलं जंगल मात्र लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत उभं राहिलं, आणि श्रेयनामावलीच्या शेवटी ते प्रांजळपणे सांगितलंय. प्राणी सगळे संगणकातले. पण मधे नील सेठी नावाचा हाडामांसाचा मुलगा आहे. समोर नसलेल्या वाघाला तो घाबरतो. त्याने वाघ मानला, म्हणून आपण मानतो. शंकुकाला हवा असलेला नट इथे शिल्लक आहे.

1993 मध्ये दूरदर्शनवर जपानी 'जंगल बुक' हिंदीत लागायचं, आठवतंय ना? शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. 2016 च्या हिंदी आवृत्तीतही तोच आवाज. एकीकडे साधी, सपाट चित्रं. दुसरीकडे कातडीखालचे स्नायूसुद्धा हलतात. भीती दोन्हीकडे वाटते. वाघाच्या थंड चेहऱ्यावर भीती चांगली बसते. दुःख बसत नाही. सिंबाचं तिथेच अडलं.

खरं जनावर म्हणजे काय, हे वालीवमध्ये सांगायला नको. पूर्वेला तुंगारेश्वरचं जंगल. 2024 मध्ये वसई किल्ल्यात बिबट्या काही आठवडे मुक्कामाला होता. खऱ्या बिबट्यासमोर माणूस आधी स्वतःचा जीव बघतो. चित्रातल्या बिबट्यासाठी तोच माणूस रडतो. हे अंतर चित्राची उणीव नव्हे, ती त्याची ताकद आहे.

2019 च्या 'लायन किंग'ने जगभरात दीड अब्ज डॉलरहून अधिक कमावले. तेव्हा रिमेक येतच राहणार, आणि आपण मुलांना घेऊन जाणारच. जा जरूर. आमची काळजी वेगळी आहे. हुबेहूब तेच श्रेष्ठ, असं मुलांच्या मनात एकदा बसलं, की त्यांना स्वतःच्या हातचं चित्र चुकीचं वाटायला लागतं. म्हणून एवढंच करा: चित्रपट बघून आलात की घरातल्या लहानग्याला रडणारा सिंह काढायला सांगा. त्याने भुवया काढल्या, तर त्या खोडू नका.

आता तुमचे प्रश्न घेऊ.