‘ची’चा रदीफ : ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीविषयी

शाहीर अमर शेख यांचा विषय आपल्या मंडळींत निघाला की त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, गाव बार्शी, जन्म 1916 चा, इतके सगळे जण अभिमानाने सांगतात आणि तिथेच थांबतात. नाव मुसलमानाचे, गाणे मराठी, एवढ्यावर आपले समाधान होते. त्या गाण्यात काय होते, ते कसे बांधले होते, त्याने माणसे का हलली, हे कोणी विचारीत नाही. आम्ही इथे एकाच गाण्यापुरते बोलणार आहोत. ते गाणे म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड. शब्द अण्णाभाऊ साठे यांचे, आवाज अमर शेखांचा.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. 1944 साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णाभाऊ वाटेगावच्या मांगवाड्यातले, लहानपणी बापाबरोबर पायी मुंबईला आलेले. अमर शेखांनी मोटारीवर क्लीनरकी केली, गिरणीत काम केले. त्यांच्या कानांवर पहिले गाणे पडले ते आईचे, मुनेरबींचे, जात्यावरच्या ओव्यांचे. गाव सोडून पोटासाठी शहरात येणे म्हणजे काय, हे दोघांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. 1956 नंतर द्वैभाषिकाच्या विरोधात महाराष्ट्र पेटला तेव्हा मैदानामैदानांत हे गाणे घुमत होते.

आता घडण पाहू. आम्ही उर्दू शाळेत मुलांना काफिया आणि रदीफ शिकवतो. त्या सवयीच्या कानाला या गाण्यात पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे ‘ची’. ओळीमागून ओळ ‘ची’वर येऊन आपटते. रामाची, गुणांची, दोघांची, असे ते चालते. मराठी समीक्षक याला नुसते यमक म्हणून पुढे जातील. आम्हाला तो रदीफ वाटतो, आणि रदीफ कधी नुसता नादासाठी नसतो. गझलेचा सगळा अर्थ शेवटी त्याच्याच दारात येऊन उभा राहतो. ‘ची’ हा मालकीचा प्रत्यय आहे. कोण कोणाची, काय कोणाचे, हा प्रश्न प्रत्येक ओळीच्या शेपटाला बांधलेला आहे. बायको नवऱ्याची, नवरा गरिबीचा, मुंबई पैसेवाल्यांची. आणि मग शेवटाकडे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावे येतात, तेव्हा त्यांची मालकी दुसऱ्याची आहे हे तोच प्रत्यय सांगतो. ऐकणाऱ्याच्या कानाला तोवर ‘ची’ची इतकी सवय झालेली असते की बायकोवरून मुलखावर गाणे कधी गेले, हे त्याला कळतसुद्धा नाही.

या गाण्याचा राजकीय भाग मागाहून जोडल्यासारखा आहे, विरहाच्या लावणीला प्रचाराचे ठिगळ लावले आहे, असा आक्षेप आम्ही ऐकला आहे. तो आम्हाला मान्य नाही. सुरुवातीलाच नायक आपल्या बायकोला रामाची सीता म्हणतो. ऐकताना ती नेहमीची उपमा वाटते, लक्ष जात नाही. पण पुढे रावण येतो, जळणारी लंका येते, आणि मोरारजी देसाई व स. का. पाटील यांची गत तशीच झाल्याचे शाहीर सांगतो. सीता आधी पेरल्याशिवाय ही लंका उगवली नसती. ज्याने हे रचले त्याला पहिल्या कडव्यातच शेवट माहीत होता. ठिगळ असे आधीपासून विणून ठेवता येत नाही.

चालीचे काय? साज अगदी गरीब. ढोलकी, हलगी, एका तारेचे तुणतुणे, मंजिरी. तुणतुणे सूर धरून ठेवते, त्याला दुसरे काही येत नाही. त्यावर मुख्य शाहीर तुकड्यातुकड्यांनी धावत सुटतो. एका दमात पाच-सहा छोटे तुकडे, आणि दम संपतो तिथे झीलकरी धृपद उचलून धरतात. कव्वालीत हमनवा जे करतात तेच हे. म्हणणारा एकटा आणि उचलणारे अनेक. विरह एका माणसाचा. पण ध्रुवपद दहा गळ्यांतून आले की ती तक्रार गिरणगावाची होते. अमर शेखांचा पहाडी आवाज सर्वांनी वाखाणला आहे. आम्हाला मात्र त्या पट्टीपेक्षा मोठी वाटते ती त्यांची जागा सोडण्याची समज. झीलकऱ्यांना धृपद देऊन आपण मागे कधी सरायचे हे ज्याला कळते, तोच लोकांना गायला लावतो.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ‘सोल’ गायकीतही हेच घडले. सॅम कुक हा चर्चमधल्या भक्तिगीतांच्या ‘सोल स्टिरर्स’ या चमूचा मुख्य गायक. तिथेही पुढचा म्हणतो आणि बाकीचे उचलतात. 1963 च्या ऑक्टोबरात लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट शहरात एका हॉटेलने त्याला काळा म्हणून खोली नाकारली. 1964 च्या जानेवारीत त्याने ‘अ चेंज इज गॉना कम’ ध्वनिमुद्रित केले. त्याची सुरुवातही एकट्या माणसाच्या जन्मापासून होते आणि गाणे हळूहळू सगळ्या समाजाचे होते. फरक साजाचा. कुकच्या मागे रेने हॉलने व्हायोलिने, शिंगे, नगारे असा भरगच्च वाद्यवृंद उभा केला. इकडे एक तार आणि ताणलेले कातडे. वाद्यवृंद भव्यता देतो हे खरे, पण कुकच्या मागची माणसे वाजवतात, गात नाहीत; चर्चचा तो प्रतिसाद तिथे व्हायोलिनांना द्यावा लागतो. या एका बाबतीत आम्ही आमच्या झीलकऱ्यांना उजवे मानतो.

गाण्यात दोष नाहीत असे नाही. मैनेच्या रूपाचे वर्णन लांबते. उर्दूत ज्याला सरापा म्हणतात तसे डोक्यापासून पायापर्यंत, मग दागदागिने. लावणीचा तो रिवाज आहे. पण मागे राहिलेली बाई स्वतः काय म्हणते ते आपल्याला फारसे कळत नाही. बारामाश्याच्या परंपरेत, अफजलच्या ‘बिकट कहानी’त, मागे राहिलेली स्त्रीच बोलते. भोजपुरीत भिखारी ठाकुरांनी तिला रंगमंचावर आणले. इथे बोलतो तो गेलेला पुरुष. त्याने एक नवी गोष्ट साधली हेही खरे: चाकरमान्याला रडण्याची मुभा मिळाली. आमच्या नेरे-पनवेलच्या पट्ट्यात मुंबईला आणि पुढे आखाती देशांत गेलेल्या कोकणी मुसलमानांची घरे काही कमी नाहीत. त्या घरांतल्या पुरुषांना हे गाणे न समजावता समजते. बायकांना काय वाटते, ते गाणे अजून कोणी तरी लिहायचे आहे.

फैज यांच्या ‘मुझसे पहली सी मुहब्बत’ या नज्मेत, 1941 च्या ‘नक्शे-फरियादी’त, कवी प्रेयसीला सांगतो की जगात तुझ्याखेरीज दुःखे आहेत, पहिले प्रेम आता मागू नकोस. उर्दूत ही नज्म फार मोठी, आणि आम्हीही ती मोठी मानतो. पण तिथे प्रेम एका बाजूला आणि जग दुसऱ्या बाजूला आहे, निवड करावी लागते. अण्णाभाऊंच्या मजुराला असे निवडणे परवडत नाही. गरिबीने त्याची बायको तुटली आणि सत्तेने त्याचा मुलूख तुटला. त्याच्या लेखी हे दोन्ही एकच तुटणे आहे. त्याला मैनेची माफी मागावी लागत नाही.

1964 च्या डिसेंबरात कुकचा गोळी लागून मृत्यू झाला आणि लगेच त्याचे गाणे सुट्या तबकडीवर निघाले, तेव्हा त्यातले एक कडवे वगळलेले होते. नेमके तेच, ज्यात सार्वजनिक ठिकाणी फिरू नकोस असे काळ्या माणसाला बजावले जाते. ‘माझी मैना’चेही आमच्या ऐकण्यात असेच होते. लोकगीतांच्या कार्यक्रमात मैनेचे रूप आणि दागिने रंगवून गायले जातात, टाळ्या पडतात, आणि उंबरगाव यायच्या आत गायक नमस्कार करतो. खरे तर गाण्याचा शेवट बिनी मारायची अजून बाकी आहे, कोणी मागे वळू नका, असे बजावणारा आहे. झीलकऱ्यांचा आवाज सर्वात मोठा लागायला हवा तो तिथे.