इमारतींची भूकंप-असुरक्षितता आणि संरचनात्मक परीक्षण : नवी मुंबईच्या संदर्भात

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींचे संरचनात्मक परीक्षण, रूढ भाषेत 'स्ट्रक्चरल ऑडिट', बंधनकारक आहे. नवी मुंबईत सुरक्षिततेची चर्चा बहुतांशी याच परीक्षणाभोवती फिरते. सिडकोने बांधलेल्या वाशीतील जुन्या इमारतींची दुरवस्था पाहता ते स्वाभाविकही आहे. मात्र या परीक्षणाचा दाखला भूकंपसुरक्षेचा दाखला समजला जातो, यास प्रस्तुत लेखकाचा आक्षेप आहे.

रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, हाफ-सेल इत्यादी चाचण्यांतून काँक्रीटचा दर्जा व सळ्यांचा गंज कळतो. इमारत स्वतःचा भार पेलेल काय, एवढाच त्यांचा प्रश्न. भूकंप इमारतीला आडवे हलवतो. भिंतींनी भरलेले वरचे मजले ताठ राहतात. वाहनतळासाठी नुसत्या खांबांवर मोकळा सोडलेला तळमजला मात्र एकटाच वाकतो. ज्या मजल्याची पार्श्वदृढता वरच्या मजल्याच्या ७० टक्क्यांहून कमी, त्यास भारतीय मानक १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीत 'मृदू मजला' म्हटले आहे. त्याआधीच, २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात, केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर अहमदाबादेत अशा मोकळ्या तळमजल्याच्या अनेक इमारती कोसळल्या. त्यांत नव्या इमारतीही होत्या. वयाचा निकष खरे तर तेव्हाच अपुरा ठरला.

या मानकाच्या २००२ व २०१६ च्या आवृत्त्यांत मुंबई परिसर तिसऱ्या भूकंपक्षेत्रात येतो. त्यात खाडीकाठची भरावाची, मऊ चिकणमातीची जमीन हादरा वाढवू शकते. परीक्षणाच्या यादीत मात्र ना मातीचा रकाना, ना मोकळ्या तळमजल्याचा! २७ जुलै २०२४ रोजी बेलापूरच्या शहाबाज गावात कोसळलेली इमारत सुमारे दहा वर्षांची असल्याचे वृत्त होते. तेथे भूकंप नव्हता, हे खरे. पण वयानुसार केलेल्या यादीत ती आलीच नसती.

भारतीय मानक १५९८८ (२०१३) हे विद्यमान काँक्रीट इमारतींच्या भूकंपीय मूल्यमापनासाठीच आहे व त्यात प्राथमिक आणि सविस्तर अशा दोन पायऱ्या आहेत. त्याची अडचण निराळी : मूळ आराखडे हाती नसतील तर काम फार वाढते, आणि गावठाणातील इमारतींचे आराखडे बहुधा मिळत नाहीत. निदान बाहेरून करावयाच्या झटपट पाहणीने मोकळे तळमजले, वेडेवाकडे आकार व भरावाची जमीन यांची नोंद करता येईल. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ते जमण्यासारखे आहे. खांबातील रिंगा किती अंतरावर आहेत आणि त्यांची टोके १३५ अंशांत आत वळवली आहेत की नाहीत, हे मात्र त्या पाहणीत दिसणार नाही. त्यासाठी काही खांबांचे आवरण फोडावेच लागेल, आणि त्याला गृहनिर्माण संस्था सहसा राजी नसतात.